मधली फुली

बीव्हर पाण्याखाली किती वेळ राहू शकतो, या प्रश्नापाशी तो मला भेटला.

प्रश्न एका पाइनच्या खोडाला लटकत होता. सप्टेंबरचा रविवार, पायाखाली लालचुटूक लिंगोनबेरी आणि आमच्या ग्रानफोर्स गावच्या क्रीडा मंडळाची प्रश्नफेरी. जंगलातल्या पायवाटेने चालत जायचं. बारा झाडांवर बारा प्रश्न, प्रत्येकाखाली तीन उत्तरं. हातातल्या चिठ्ठीवर आपलं उत्तर लिहायचं आणि शेवटी मंडळाच्या झोपडीत जाऊन दालचिनीचे बन खायचे. उत्तरांना आमच्याकडे अ, ब, क म्हणत नाहीत. एक, फुली, दोन म्हणतात. फुटबॉलच्या पैजांवरून आलेली सवय. एक म्हणजे घरचा संघ जिंकला, दोन म्हणजे पाहुणा जिंकला, आणि मधली फुली म्हणजे बरोबरी. ना इकडे, ना तिकडे.

बीव्हरसाठी एक होतं दोन मिनिटं, फुली होती पंधरा मिनिटं आणि दोन होतं एक तास. मला माहीत नव्हतं. म्हणून मी उभी होते. बराच वेळ उभी असणार, कारण मागून आवाज आला, "सरकतेस का जराशी? की या झाडाशी लग्न ठरलंय तुझं?"

आमच्या देशात अनोळखी माणसालाही 'तू'च म्हणतात, त्यामुळे त्याचं काही नाही. पण त्याचा 'र' घशातून खरखरत आला आणि मी ओळखलं, हा पार दक्षिणेचा, स्कोनेकडचा. वळून पाहिलं. उंच, सडपातळ, चष्म्यावर धुकं जमलेलं आणि पायांत असले शहरी बूट, की पहिल्याच दलदलीने गिळावेत.

"विचार करतेय," मी म्हणाले.

"कशाचा? एक तास म्हणजे तो मासाच झाला. दोन मिनिटं तर मीपण राहतो पाण्यात... बरं, एक मिनिट. बीव्हर माझ्यापेक्षा हुशार असणारच. मग उरलं काय?"

"पण तुला माहीत कुठे आहे?"

"माहीत नाही. पण कळतंय ना!" तो हसला आणि ऐटीत फुली लिहून मोकळा झाला. "तू इथलीच का?"

मी होकार दिला. आता आमच्या उत्तरेत 'हो' म्हणायला शब्द लागत नाही. ओठ जरासे मिटून श्वास झटकन आत ओढायचा — शूप! — झालं 'हो'. त्याचा चेहरा मात्र एकदम पांढरा पडला.

"काय झालं? दमा आहे का तुला? औषध कुठाय, पिशवीत?"

मी इतकी हसले, की माझी पेन्सिल लिंगोनबेरीत पडली. ती शोधायला आम्ही दोघंही वाकलो. डोकी एकमेकांवर आपटली. पेन्सिल त्याला सापडली आणि ती परत देताना त्याने उगाचच एक क्षण जास्त धरून ठेवली.

तो सिक्स्टन. गावच्या शाळेत एका वर्षासाठी बदलीवर आलेला गणिताचा मास्तर.

झोपडीत चिठ्ठ्या तपासायला माझी गुनवोरमावशी बसली होती. मंडळाचा कारभार तीच बघते आणि गावाचाही तीच बघते असा तिचा समज आहे. माझी चिठ्ठी पाहून तिने कपाळाला हात लावला.

"इल्वा! पुन्हा रिकामी घरं? अगं, फुकट मिळतंय ते लिहायला काय जातं तुझं?"

"माहीत नव्हतं."

"माहीत नव्हतं म्हणे! सगळ्या गावाला काय माहीत असतं?" मग सिक्स्टनकडे वळून, जशी काही तो आमच्या घरातलाच, "हिने विद्यापीठाच्या परीक्षेतही असंच केलं हो. दोनदा! अर्धा पेपर कोरा. गुरांची डॉक्टर व्हायचंय आणि निघालीय कोरा कागद देऊन."

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. पण गोष्ट खरी होती. शाळेतले माझे गुण कमी पडत होते. पशुवैद्यकीला जायचं तर दुसरा रस्ता एकच होता, देशभर होणारी ती पर्यायांची परीक्षा. मी डाल्बर्गांच्या गोठ्यात काम करायचे. एका हिवाळ्यात तिथली एक गाय वासरू अडकून माझ्या डोळ्यांदेखत गेली, कारण डॉक्टर बर्फातून पोहोचेपर्यंत उशीर झाला होता. तेव्हापासून दुसरं काही सुचतच नव्हतं. आईला मी सांगून ठेवलं होतं, की तिसऱ्यांदा नाही जमलं तर नाद सोडेन.

सिक्स्टन हसला नाही. बन हातात तसाच धरून त्याने विचारलं, "चुकलं तर गुण कापतात का त्या परीक्षेत?"

"नाही."

"मग कोरं का सोडतेस?"

"अंदाजाने लिहिणं म्हणजे खोटं बोलणं," मी म्हणाले. आमच्या घरची शिस्तच ती. ठाऊक नसेल तर मूग गिळून बसायचं.

त्याने बन खाली ठेवला. "खोटं म्हणजे माहीत असून चुकीचं सांगणं. अंदाज म्हणजे माहीत नसताना खरं शोधणं. फरक आहे, इल्वा." आणि मग, चष्मा पुसत, "मी शिकवू? तू मला ती इथली पायाने रेटायची घसरगाडी शिकव. शाळेची पोरं मला बर्फावर पडताना बघायला टपून बसलीयत."

तो हिवाळा मी कधी विसरणार नाही.

दर मंगळवारी गोठ्यातलं काम आटोपून मी झोपडीवर जायचे. तो आधीच चूल पेटवून बसलेला असायचा. दारातच म्हणायचा, "मागच्या वेळेबद्दल आभार!" ही आमच्या देशाची रीत. मागच्या भेटीत कुणी कॉफी पाजली, जेवू घातलं, तर पुढच्या भेटीत पहिलं वाक्य हेच. बाकीचे ते तोंडदेखलं म्हणतात. तो मात्र असं म्हणायचा, की आठवडाभर तो मागचा मंगळवारच आठवत बसला असावा. मीही म्हणायचे, "मागच्या वेळेबद्दल आभार." मग मी आमच्या उत्तरेच्या रीतीने कॉफीत चीजचे तुकडे टाकायचे आणि तो डोळे गच्च मिटायचा.

"हा गुन्हा आहे. कॉफीचा खून."

"चमच्याने खा आणि शिकव."

शिकवायचा मात्र झकास. "आधी जे उघड मूर्खपणाचं आहे ते खोड. पाचातली दोन गेली तरी अर्धी लढाई जिंकलीस. दोन उत्तरं जुळ्या भावांसारखी दिसली तर बहुधा त्यांच्यातलंच एक खरं. परीक्षा काढणाऱ्याने तुला फसवायला दुसरं बाजूला उभं केलेलं असतं. आणि हे ऐक. 'नेहमी', 'कधीच', 'सगळेच' असे शब्द दिसले की सावध. जगात नेहमी असं काही नसतं."

"मी कधीच अंदाज करत नाही."

"बघ! चुकीचं उत्तर. खोड."

एकदा एका त्रिकोणाशी मी इतका वेळ झुंजले, की चूल विझायला आली. त्याने हळूच माझ्या हातावर हात ठेवून पेन्सिल थांबवली.

"जे येत नाही त्याच्यापाशी रडत बसायचं नाही. पुढे जायचं, परत यायचं. जे येतं त्याला मात्र वेळ घालवायचा नाही. दिसलं की लिही."

"आणि शेवटी वेळच संपली तर? वाचायलाही वेळ नसेल तर?"

"तर डोळे मिटून एकच घर धरायचं आणि सगळीकडे तेच भरायचं. इकडून तिकडे उड्या नाही मारायच्या. कुठलं धरशील?"

"मधलं."

"परीक्षेत मधलं, फेरीत फुली. ठरलं? कोरं सोडायचं नाही. वचन?"

मी श्वास आत ओढला. शूप. आता तो घाबरत नव्हता. त्याने हात मात्र काढला नव्हता... आणि मीही तो काढ म्हटलं नाही.

घसरगाडीचं म्हणाल तर तो नदीकाठच्या उतारावर रोज पडला. एकदा तर मला घेऊन पडला. नाकाला नाक लागेल इतक्या जवळ, पापण्यांवर बर्फ घेऊन तो म्हणाला, "हे मात्र अंदाजाने जमत नाही हं." मी काहीतरी बोलायला हवं होतं. मी त्याच्या टोपीवरचा बर्फ झटकला.

एप्रिलमध्ये उमेओ शहरात परीक्षा. रस्त्यावर वितळलेल्या बर्फाचा चिखल होता. त्याने आपल्या खटारा गाडीतून मला नेलं, सोबत इतके सँडविच, की गोठ्यातली गुरंही जेवली असती. प्रश्नपत्रिका उघडली आणि मला त्याचा आवाज ऐकू यायला लागला. हे मूर्खपणाचं, खोड. हे जुळे भाऊ, थांब. इथे 'नेहमी' आलंय, फेक. शेवटच्या भागात घड्याळ पाहिलं तर अर्धं पान राहिलं होतं. पूर्वीची इल्वा पेन्सिल खाली ठेवून प्रामाणिकपणे रडली असती. मी मधलं घर धरलं आणि पान भरून टाकलं. एकही घर कोरं नव्हतं.

बाहेर तो गाडीला टेकून उभा होता. मी धावत गेले. मिठी मारावी असं वाटत होतं, सगळं सांगून टाकावं असं वाटत होतं.

"आभार," मी म्हणाले.

"कशाबद्दल?"

"सगळ्याबद्दल."

"फक्त... आभार?"

आणि मी गप्प बसले. घरची शिस्त! ते एक घर मी कोरंच सोडलं.

मेच्या शेवटी वसंताची प्रश्नफेरी आली. सिक्स्टनचं शाळेतलं वर्ष संपत आलेलं, म्हणून मावशीने यावेळचे प्रश्न त्यालाच काढायला लावले. मी शेवटची चालणार होते आणि जाता जाता झाडांवरचे कागद उतरवून आणणार होते. सकाळपासून पाऊस. बर्चच्या कोवळ्या पानांवरून पाणी मानेत उतरत होतं. बारावा प्रश्न काढून वळले, तर तळ्याच्या वाटेला आणखी एक कागद लटकताना दिसला. फेरीत प्रश्न बारा, पण चिठ्ठी फुटबॉलच्या पैजांच्याच नमुन्याची, तिच्यावर रकाने तेरा असतात. तेरावा कायम रिकामा.

कागद प्लास्टिकच्या पिशवीत होता आणि पिशवी पाण्याने भरली होती. शाई सगळी वाहून तळाशी निळं डबकं झालेलं. वरचा तेराचा आकडा आणि खालच्या एक, फुली, दोन या खुणा तेवढ्या दिसत होत्या. मावशीचा काहीतरी चावटपणा असेल, मला वाटलं. पण वचन म्हणजे वचन. कोरं सोडायचं नाही. डोळे मिटून फुली लिहिली आणि पिशवी इतर कचऱ्याबरोबर पोत्यात टाकली.

झोपडीत सिक्स्टन चिठ्ठ्या घेत होता. माझी त्याने उभ्यानेच वाचली. वाचून झाल्यावरही तो तिच्याकडे बघत राहिला.

"बरोबर आले का?" मी विचारलं.

"बारा बरोबर," तो म्हणाला. मग चिठ्ठी नीट घडी करून खिशात ठेवली. "आभार, इल्वा. प्रामाणिक आहेस तू." आणि कप विसळायला निघून गेला.

पुढच्या मंगळवारी चूल पेटली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. दुकानात दिसला तर मान हलवायचा, हसायचा, पण 'मागच्या वेळेबद्दल' काही म्हणायचा नाही. मी मनाची समजूत घातली, परीक्षा झाली, शिकवणी संपली. भला माणूस होता, मदत केली. आपण त्यात भलतंच काही वाचलं. रात्री उशीत तोंड खुपसून रडले आणि सकाळी गाईंनी मला चाटून काढलं.

जूनमध्ये निकाल लागला. गोठ्यात उभ्या उभ्या फोनवर गुण पाहिले. एकदा पाहिले, बूट पुसून पुन्हा पाहिले, जसा काही फरक पडणार होता. इतक्या गुणांवर उप्सालाच्या पशुवैद्यकीत जागा मिळणारच. मी डाल्बर्गांच्या म्हाताऱ्या गाईच्या गळ्यात पडले. तेवढ्यात दारात मावशी.

"गाईला कसली मिठी मारतेस? तो मास्तर निघालाय, गाडी भरून झाली त्याची! आभार तरी मानशील की नाही?"

मी तशीच धावले, गोठ्याच्या बुटांत. तो शाळेमागच्या खोलीसमोर गाडीत शेवटचं खोकं कोंबत होता.

"जमलं!" मी धापा टाकत म्हणाले. "सिक्स्टन, जमलं! उप्साला!"

त्याचा चेहरा असा उजळला, की मला वाटलं सगळं पूर्वीसारखं झालं. खोकं टाकून तो दोन पावलं पुढे आला... आणि थांबला. "मला माहीत होतं," तो म्हणाला. "मनापासून अभिनंदन."

"तू नसतास तर मी पुन्हा कोरा कागद—"

"नको, इल्वा. आभार नको. तुझ्याकडून आता तेवढेच घेणं मला जड जातंय." त्याने गाडीचं दार उघडलं. "फुली मारलीस, त्याचा मला राग नाही. खरंच. सरळ उत्तर दिलंस."

"कसली फुली?"

"तेराव्या प्रश्नाला."

मला काही उमजेना. मग उमजलं, तसे माझे कानच तापले. "ते निळं डबकं तू लटकवलं होतंस?"

"कसलं डबकं?"

"अरे, त्यात काही वाचताच येत नव्हतं! पाणी भरलं होतं नुसतं. पिशवीचं तोंड वर ठेवलं होतंस ना तू? तोंड खाली करून लटकवायची, सिक्स्टन! या देशात पहिलीतलं पोरही सांगेल!"

"बाराही पिशव्यांची तोंडं खाली केली होती," तो हळूच म्हणाला. "तेरावीला... हात कापत होते माझे."

"आणि वाचता येत नसेल तर काय लिहायचं? कुणी शिकवलं? वचन कुणी घेतलं?"

"मधली फुली," तो म्हणाला आणि मटकन गाडीच्या पायरीवर बसला. मग हसायला लागला. हसता हसता चष्मा काढून डोळे पुसले. "माझाच मंत्र माझ्यावर उलटला. तीन आठवडे मी झोपलो नाही गं!"

"तुला शंकासुद्धा आली नाही? मला माहीत नसलं की मी फुली देते, हे तुला ठाऊक आहे!"

"म्हणूनच तर! हवं ते उत्तर फुलीवर ठेवलंच नव्हतं. सवयीने दिलेलं उत्तर मला नको होतं, मनातलं हवं होतं. आणि फुली आली, तेव्हा वाटलं, आंधळा अंदाज असला तरी काय मोठं? जिला आपलं मन विचारल्यावर अंदाज करावा लागतो, तिचं उत्तर नाहीच."

पावसाने इतका घोटाळा केला आणि त्या दिवशी मात्र आभाळ कसं लख्ख होतं. त्याच्या शर्टाला धूळ लागलेली, माझ्या बुटांना शेण.

"आता तोंडी विचार," मी म्हणाले.

तो उठून उभा राहिला. शाळेत उभा राहतो तसा, हात मागे बांधून. फक्त आवाज शाळेतला नव्हता.

"प्रश्न तेरावा. उन्हाळ्यानंतर सिक्स्टनने कुठे राहावं? एक, दक्षिणेत, आपल्या घरी. फुली, कुठेही राहो, इल्वाला काही फरक पडत नाही. दोन, जिथे इल्—"

शूप!

श्वास इतक्या जोरात आत ओढला गेला, की मला ठसकाच लागला.

"पर्याय सगळे ऐकून घ्यावेत, मग उत्तर द्यावं," तो म्हणाला. ओठ हसत होते, डोळे मात्र भरले होते. "शिकवलं होतं मी."

"जे येतं त्याला वेळ घालवायचा नाही, हेही तूच शिकवलंस."

"अंदाज तर नाही ना?"

"माहीत आहे," मी म्हणाले. "पहिल्यापासून माहीत होतं. माझं प्रेम आहे तुझ्यावर, गाढवा." आमच्या घरात एवढं मोठं वाक्य कुणी कधी उच्चारलं नसेल.

"इल्वा, मी तुझ्यावर नेहमी—"

"'नेहमी' आलं की उत्तर चूक!"

"मग खोड," तो म्हणाला, पण मला खोडायला त्याने सवडच दिली नाही. नाकाला नाक लागलं, आणि या वेळी मी टोपीवरचा बर्फ झटकत बसले नाही.

बऱ्याच वेळाने खोकी पुन्हा उतरवताना माझ्या लक्षात आलं, की मी तिथे आभार मानायला गेले होते आणि ते राहूनच गेले. आता उप्सालात रोज सकाळी तो माझ्यापुढे कॉफी ठेवतो, नाक मुरडत त्यात स्वतःच्या हाताने चीज टाकतो आणि म्हणतो, "मागच्या वेळेबद्दल आभार." मागची वेळ म्हणजे कालची रात्र, कालचं जेवण, कालचं भांडण. मीही म्हणते. रोज म्हणते, तरी ते आभार जंगलातल्या त्या पेन्सिलीपर्यंत अजून पोहोचलेले नाहीत.